न मागता मिळालेली माफी

६ डिसेंबर २०२४, शुक्रवार

सकाळी तलावाकाठी टँकबंडला जाऊन बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केलं. मी, बायको सखू आणि मुलगा प्रज्ञेश. आम्ही दोघं बसने परत आलो, प्रज्ञेश मोटारसायकलवर मित्रांबरोबर मागे राहिला. जेवायला येतो म्हणाला होता, तो दिवेलागणीला आला. आला तो सरळ स्वयंपाकघरात गेला. तेव्हाच ओळखलं की काहीतरी शेण खाल्लंय.

सखूने येऊन सांगितलं. मूसारामबागच्या वळणावर साहेब गाडी चालवता चालवता फोन बघत होते. एक बाई रस्ता ओलांडत होती, तिला उडवलं. बाई पडली. हा थांबला नाही. आजच्या दिवशी! छातीवर निळा बिल्ला लावून पळून आला. मी बाकी काही विचारलं नाही, बूट घाल म्हणालो.

सखू दारात आडवी उभी राहिली. "आवं, आधी ती बाई जित्ती हाय का ते तरी बगा."

"ते पोलीस बघतील."

"तुमचं काळीज हाय का कायद्याचं पुस्तक?"

तिला बाजूला सारून पोराला बाहेर काढलं. पोलीस ठाण्यात नेऊन उभा केला. सबइन्स्पेक्टर तिशीतला पोरगा, त्याने मला तीनदा विचारलं, सार, तुम्ही स्वतः आणलात? आपल्याच मुलाला? मी म्हणालो, आणलं. आयुष्यभर लेबर ऑफिसात बसून मालकांना कायदा शिकवला, आता आपल्याच घरात अपवाद करू काय?

प्रज्ञेशची सरकारी खात्यात इंजिनिअर म्हणून निवड झालीय. पोलीस व्हेरिफिकेशन बाकी आहे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. केस उभी राहिली तर नेमणूक अडकेल, कदाचित जाईलही. तरी नेलं. बरोबर केलं. रात्री जेवण गेलं नाही, ते पित्तामुळे.

७ डिसेंबर, शनिवार

बाई जिवंत आहे. अफझलगंजच्या सरकारी दवाखान्यात आहे. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडलाय. नाव एस्तेरम्मा. तेलुगू ख्रिश्चन, वय माझ्याएवढंच, विधवा, मूसारामबागेत ब्लाउज शिवते. शिवते म्हणजे शिवायची. मशीन पायाचं आहे.

मी रीतसर बोललो. मी मुलाचा बाप, गुन्हा कबूल आहे, केस झाली आहे, कायद्याने भरपाई मिळेल, तुम्ही जबाब नीट द्या. बाईने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तोंडावर वेदना होती आणि वेदनेपेक्षा जास्त राग होता. मला बरं वाटलं. रागावलेल्या माणसाशी बोलता येतं.

मग म्हणाली, "केस-गीस नक्को. मैं माफ करी उसकू."

मी म्हणालो, "आम्ही माफी मागितलेली नाही."

"हौ, नै मांगे. फिर भी करी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोण ही माफ करणारी? अर्ज नाही, विनंती नाही, आणि ही वरून माफी टाकते! बत्तीस वर्षं कामगार माझ्या टेबलासमोर अर्ज घेऊन आले. अर्जात कोणी 'मेहेरबानी करून' लिहिलं की मी लाल शाईने खोडायचो. हक्क मागताना मेहेरबानी लिहायची नाही, पुन्हा लिहून आण, म्हणायचो. कितीजण चिडले. बाहेर जाऊन शिव्या दिल्या असतील. पण शिकले.

आणि आज ही बाई पलंगावर पडल्या पडल्या मलाच मेहेरबानी देते.

१० डिसेंबर, मंगळवार

सखू रोज डबा नेते. मी म्हणालो, ने, ते आपलं देणं आहे. ती म्हणाली, देणं-घेणं तुमी करा, मी जेवन नेते. आज मी बरोबर गेलो, कारण वकिलाने दवाखान्याचे कागद मागितले होते.

तिथे त्यांचा पास्टर बसला होता. प्रसादराव. गोड बोलणारा माणूस. गोड बोलणारांचा मला जुना अनुभव आहे, कारखान्यांचे वेल्फेअर ऑफिसर असेच बोलतात. मी त्याला सरळ विचारलं की तुमच्या धर्मात गुन्हेगाराला मोकळं सोडायला सांगतात काय.

तो म्हणाला, सार, आमच्यात नियमशास्त्र आहे आणि कृपा आहे. कृपा हा शब्द तेलुगूतही तोच, त्यामुळे भाषांतराचीही सोय नाही. त्याच्या हातात बाईचा एक्स-रे होता. तो उजेडाकडे धरून म्हणाला, नियमशास्त्र हे असं. हाड कुठे मोडलं ते दाखवतं. जोडत नाही.

मी म्हणालो, "आणि एक्स-रे न काढता प्लास्टर घालतो त्याला आमच्याकडे वैदू म्हणतात."

बाई फसकन हसली. पाय हलला तशी कळवळली, आणि मग माझ्याकडेच रागाने पाहिलं.

पास्टर हटेना. त्याने एक दाखला सांगितला. एका मळेवाल्याने काही मजूर सकाळी लावले, काही दुपारी, काही दिवस मावळता मावळता. आणि सगळ्यांना दिवसभराची सारखीच मजुरी दिली. ही म्हणे कृपा! मी म्हणालो, अशा मालकावर मी त्याच दिवशी केस केली असती. समान कामाला समान वेतन. त्याने शांतपणे विचारलं, तक्रार कोणाची घेतली असती सार? मी म्हणालो, सकाळपासून राबणारांची. तो म्हणाला, त्यांना तर ठरलेलं पूर्ण मिळालं होतं.

ती तक्रार कायद्याने उभी राहत नाही हे मला कळलं. ते मी त्याला बोलून दाखवलं नाही. चहा न घेता उठलो.

पण माझं खरं भांडण मजुरीवरून नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. धम्म घेतल्यावर आमच्या लोकांनी गावात भाकरी मागायला जाणं सोडलं होतं, माझ्या बापाने तर टोपलंच जाळलं होतं. त्या वर्षी बाप खडी फोडायला लांब गेला होता आणि घरात धाकट्या बहिणीला ताप. आईने दुसऱ्याचं टोपलं मागून आणलं. मला बरोबर घेतलं. पाटलाच्या दाराशी, पायरीच्या खाली उभी राहून ती ओरडली, "वाढा वं माय." पाटलीण वर उभी. तिथून तिने अर्धी भाकर सोडली. टोपल्यात नाही पडली, मातीत पडली. आईने उचलली, झटकली आणि म्हणाली, तुमची किरपा हाय माय.

ती कृपा मी पाहिलीय. पास्टर प्रसादरावाने मला शिकवू नये. आम्हाला त्या पायरीवरून कोणाच्या कृपेने उठवलेलं नाही, कायद्याने उठवलंय. जो कोणी म्हणतो की कायदा अपुरा आहे, त्याने एकदा त्या पायरीखाली उभं राहून पाहावं.

२५ डिसेंबर, बुधवार

बाईला घरी सोडलंय. आज नाताळ, आम्हाला जेवायला बोलावलं. ज्यांनी पाय मोडला त्यांनाच. मी जाणार नव्हतो. सखूने ठेवणीतली साडी काढली आणि म्हणाली, "तुमी नका येऊ, मी आन पोरगं जातो." म्हणून गेलो.

गल्लीच्या टोकाला एक खोली, पुढे पत्र्याचा आडोसा. कागदी चांदणी टांगलेली. बाई खुर्चीत, पाय स्टुलावर. शेजारची मुलगी वाढत होती. भात, कोंबडी, गोड. प्रज्ञेश आतच बसला, जसं काही रोजचंच घर. सखूही बसली. मी उंबऱ्याच्या बाहेर थांबलो.

"आओ सार, बैठो. तिनंडी," बाई म्हणाली. तेलुगूत जेवा.

मी म्हणालो, नको.

"थोडा."

"नको. भूक नाही."

"पानी तो भी पियो."

"नको."

पाण्याचा पेला तिने पुढे धरला होता तो तसाच हातात राहिला. मग खाली ठेवला. तिचा चेहरा बदलला, पण मी म्हटलं बदलू दे. फुकटचं अन्न मी कोणाच्या दारात खात नाही. ऑफिसात बत्तीस वर्षांत कोणाच्या चहाचा मिंधा झालो नाही. आपण अपराधी आहोत. अपराध्याने शिक्षा खावी, कोंबडी खाऊ नये.

परत येताना प्रज्ञेश एक शब्द बोलला नाही. सखूही नाही. आजकाल या घरात माझ्याशी न बोलण्याची साथ आलीय.

११ जानेवारी २०२५, शनिवार

व्हेरिफिकेशनचं पत्र आलं. वकील म्हणतो, मार्चच्या लोक अदालतीत तडजोड झाली तर केस मिटेल, पोराची नोकरी वाचेल. तडजोडीला बाईने समोर येऊन हो म्हणायला पाहिजे. मी विचारलं, आणि नाही म्हणाली तर? वकील हसला. "ती कशाला नाही म्हणेल? तिने तर पहिल्या दिवशीच माफ केलंय. नशीब समजा." मला त्याचं हसणं आवडलं नाही आणि नशीब हा शब्दही आवडला नाही.

प्रज्ञेश रविवारी सकाळी कुठेतरी जातो. क्रिकेट म्हणतो. बॅट घरीच असते.

२६ जानेवारी, रविवार

अक्षर वाईट येतंय.

दरवर्षी दिलसुखनगरच्या आमच्या मंडळाच्या हॉलसमोर झेंडावंदन होतं आणि मग संविधानाची उद्देशिका मराठीतून वाचतात. शाळेत असल्यापासून ती प्रज्ञेश वाचतो. इथल्या शाळांत शिकलेलं पोर, मराठी अडखळत वाचतं, पण वाचतं. लोक कौतुक करतात. आज झेंडा चढला, उद्देशिकेची वेळ झाली, आणि प्रज्ञेश नाही. फोन बंद. शेवटी मी वाचली.

खाली उतरलो तर हिम्मतराव माझी वाटच बघत होते. मंडळाचे सेक्रेटरी. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "खिल्लारेसाहेब, पोरगा मूसारामबागेच्या चर्चात असतो दर रविवारी. तुम्हाला ठाऊक असेलच म्हणा. केस मागं घ्यायच्या बदल्यात ठरलंय का तसं?"

मी तसाच रिक्षा करून गेलो. आत गेलो नाही, फाटकापाशी उभा राहिलो. गाणी संपली, माणसं बाहेर आली. आणि माझा पोरगा आला, बाईची चाकाची खुर्ची ढकलत. पांढरा शर्ट घालून. जो शर्ट आज उद्देशिकेसाठी सखूने इस्त्री केला होता.

मी बोलायला लागलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की ही माफी नाही, गळ आहे, असं म्हणालो. तुमच्या माफीला आमिष लावलंय, माझा पोरगा तुम्ही ओढून घेताय. लोक थांबले. पास्टर मध्ये आला, त्याला बाजूला केलं.

प्रज्ञेश म्हणाला, "पप्पा, मी कुठे बदललोय? मी बस गाडी ढकलतो. तिला ऑटोत चढता येत नाही, मेरी वजह से."

"मग आज? आजच्या दिवशी?"

"तिला संडेलाच जायचं असतं. डेट मी नाही ठरवली."

मी त्याचा दंड धरला. तेव्हा एस्तेरम्मा बोलली. आवाज चढवला नाही.

"ले जा तेरा बेटा. नक्को मेरेकू. मैं बुलाई क्या उसकू? उनो आप आया, रोया, बैठा. मैं दो महिने से भगा रही, जाता नै." मग थांबली. "लेकिन तू एक बात बोल. क्रिसमस कू मेरे घर का पानी कैकू नै पिया?"

मी प्रज्ञेशचा दंड सोडला नाही.

"मेरेकू मालूम है. हम मादिगा हैं. यहाँ के रेड्डी लोगाँ नै पीते हमारे घर का, ये मालूम था. तुम बुद्ध के लोगाँ भी नै पीते, ये उस दिन मालूम हुआ."

मादिगा. इकडची गावकुसाबाहेरची जात. आमच्यासारखीच. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात मला लोकांनी पुष्कळ काय काय म्हटलंय, पण हे कोणी म्हटलं नव्हतं.

ती म्हणाली, "अब देखती मैं, माफ कैसा करना." आणि प्रज्ञेशला म्हणाली, चल, ढकल.

तो माझा हात सोडवून गेला.

२८ जानेवारी, मंगळवार

मूर्ख बाई आहे. दुसऱ्याचं मन न जाणता आरोप करते. मी जात पाळणारा? मी? चाळीस वर्षं ज्याच्यासाठी झगडलो तेच माझ्या माथी मारते! सगळ्या चर्चच्या लोकांसमोर!

सखूला सांगितलं तर ती भाजी निवडत ऐकत राहिली. मग म्हणाली, "तिची काय चूक हाय? तुमाला भीक वाटली, तिला इटाळ वाटला. जेवन मात्र गार झालं."

"मी आईसाठी नाही खाल्लं."

"मंग सांगा की तिला."

सांगा म्हणे. पाटलीण, माती, टोपलं, हे सगळं एका परक्या बाईला? मी हे प्रज्ञेशलाही कधी सांगितलेलं नाही. त्याला सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं की त्याची आजी भिकारीण होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

लोक अदालत तीन आठवड्यांवर. वकील म्हणाला, बाई आता म्हणते विचार करते. तो मला विचारत होता की काही बिनसलंय का.

म्हणजे मला आता तिची माफी हवी आहे. हे लिहिताना लाज वाटते पण डायरीत खोटं लिहून कोणाला फसवायचं? ज्या माफीवर मी थुंकलो तीच हवी आहे. आणि मिळाली नाही तर मी कोणत्या कायद्याखाली तक्रार करणार? असा कायदा नाही. तिच्यावर ती देण्याची सक्ती नाही, माझा तिच्यावर हक्क नाही. मळेवाल्याच्या मळ्यावर दिवस मावळताना उभा राहिलेला मजूर मी आहे, असं त्या प्रसादरावाने म्हटलं असतं. तो समोर नाही हे बरं आहे.

प्रज्ञेश आबिड्सहून शिलाई मशीनची मोटर घेऊन आला आणि तसाच बाहेर गेला. विचारलं नाही, सांगितलं नाही. मी खिडकीतून पाहत होतो. तो पाठीला बाक काढून चालतो, माझ्या बापासारखा.

८ मार्च, शनिवार

लोक अदालत. गर्दी, घाम, आरडाओरड. बँकांच्या नोटिशीवाले, नवरा-बायको, चेक न वटलेले, सगळे एकाच छताखाली.

बाई आली. प्रज्ञेशने वॉकर धरला होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. न्यायाधीश बाई तरुण होत्या, त्यांनी तेलुगूत विचारलं, तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली का. एस्तेरम्मा म्हणाली, नाही. मग तुम्ही राजीखुशीने तडजोड करता ना? ती म्हणाली, राजी आहे, खुशी नाही. न्यायाधीश बाई हसल्या. त्यांना वाटलं म्हातारी गंमत करते. एस्तेरम्माने सही केली. इतक्या लवकर झालं की मला खुर्चीवरून नीट उठताही आलं नाही.

बाहेर जिन्यापाशी मी तिला गाठलं. प्रज्ञेश ऑटो शोधायला गेला होता.

विचारलं, "गुस्सा गया क्या?"

"नै गया."

"फिर?"

"मेरेकू माफ करने का हुकूम है सार. खुश होने का हुकूम नै है." भिंतीला टेकली, पायावरचा भार बदलला. "रोज सुबू पाय दुखता, रोज गुस्सा आता, रोज फिर से करना पडता. गोली खाने के सरीखा."

मी म्हणालो, हुकूम म्हणजे कायदाच झाला. मग तो तुमचा पास्टर कायद्याला खाली का बसवतो? मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की याला एवढंही कसं कळत नाही. "हुकूम अकेला क्या करता? मेरे में उतना दम कहाँ? पहले मेरेकू मिली सो है, वोइच आगे देती. मेरे घर का माल नै है वो."

ऑटो आला. ती चढताना मला दोन्ही हात पुढे करावेसे वाटले. पण तिच्या दृष्टीने मी शिवत नाही असा माणूस. हात तसेच राहिले. प्रज्ञेशने चढवलं.

केस मिटली. प्रज्ञेशची नोकरी वाचली. संध्याकाळी सखूने शिरा केला. तो गोड लागला नाही, पण तिला तसं म्हणालो नाही.

९ मार्च, रविवार

दुपारी मी गेलो. एकटा. सखूला वाचनालयात जातो म्हणालो, तिने सदऱ्याची कॉलर सरळ करून दिली आणि म्हणाली, भुकेलं जावा.

दार उघडं होतं. बाई नुकतीच चर्चहून आली असावी, प्रज्ञेश तिला सोडून गेला होता. मशीनला मोटर बसवलीय, तारेला निळी टेप गुंडाळलेली. पोराचं काम. अर्धा शिवलेला ब्लाउज मशीनखाली तसाच होता.

"क्या है?" बाई म्हणाली.

"खाने कू आया."

"बुलाई नै मैं."

"हौ. बिना बुलाए आया."

तिने हाकललं असतं तर मी काय केलं असतं माहीत नाही. मग म्हणाली, "कूर्चोंडी." म्हणजे बसा. मी उंबरा ओलांडून आत गेलो आणि खाली चटईवर बसलो. मग सांगितलं. आई, टोपलं, पायरी, माती, सगळं. माझं दखनी मोडकं आहे, मध्ये मध्ये मराठी येत होतं. आईचे शब्द मराठीतच सांगितले, ते दुसऱ्या भाषेत येत नाहीत. डोळे भरले. बाईने पदर लावला नाही, अरेरे केलं नाही. तिचा चेहरा उलट तापत गेला.

"मेरी अम्मा कू भी पानी ऊपर से डालते थे. हाथ ऐसे." तिने ओंजळ करून दाखवली. "तो तू मेरेकू वो पाटलीन समझा? मैं ऊपर से डालनेवाली दिखती तेरेकू?"

खरं आहे. तसंच समजलो होतो. हे मला आजवर सुचलंच नव्हतं, आणि तिने शिवी द्यावी तसं तोंडावर फेकलं. मी मान खाली घातली.

ती उठली. वॉकर टेकत चुलीपाशी गेली. मी उठायला लागलो तर म्हणाली, बैठ. भात-डाळीची पातेली आणली, मग दोन ताटं, एक एक करून. एक माझ्यापुढे ठेवलं. मग भिंतीला धरून, तोंडाने अय्यो अय्यो करत, तो पाय लांब करून माझ्यासमोर त्याच चटईवर बसली. डॉक्टरने खाली बसायचं नाही सांगितलंय. प्रज्ञेशकडून ऐकलंय मी.

डोळे मिटून तिने तिची प्रार्थना केली. मी केली नाही. ती संपेपर्यंत थांबलो मात्र. भात होता आणि गोंगुऱ्याची, म्हणजे आपल्या अंबाडीची, डाळ. पाणी प्यालो आधी, सगळा पेला. मग जेवलो. भात संपला आणि मला अजून भूक होती. कितीतरी दिवसांची असावी. तोंडातून निघून गेलं, मराठीत, "अजून थोडं वाढा, माय."

आईचे शब्द. बोलून झाल्यावर कळलं.

बाईने डाव भरून भात घातला. हात ताटाला टेकवून घातला. वर डाळ घातली.

डाळीत मीठ जास्त होतं. तसं मी तिला सांगितलं. आपण खोटं बोलत नाही.

"तो दूसरी बार कैकू लिया?" ती म्हणाली.

मी जेवत राहिलो.